सात हजारांची इच्छा, दहा हजारांचा भाव

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातल्या एका कास्तकार घरचं आहे. नाव-गाव देत नाही. घरात तीन माणसं: चोपन्न वर्षांचे काकाजी, काकू आणि सत्तावीस वर्षांचा, बी.ए. झालेला मुलगा. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. मी तालुक्याच्या ठिकाणी शेतकरी कुटुंबांचे कर्जाचे आणि घरखर्चाचे हिशेब मांडून देतो. २०२४ च्या उन्हाळ्यात पतसंस्थेची थकबाकीची नोटीस घेऊन बाप-लेक माझ्याकडे आले.

नोटीस आमच्या भागात नवलाची नाही. कोरडं साल, बोंडअळी, दवाखाना, मुलीचं लग्न, यातलं काहीतरी त्या कागदामागं असतंच. इथं त्यातलं काहीच सापडेना. उलट कागद लावत गेलो तसतसं दिसलं की या घरानं चार वर्षांत जे जे मागितलं, ते बहुतेक सगळं मिळालं होतं. कापसाला भाव मिळाला. पक्कं घर झालं. दारात चारचाकी उभी राहिली. आणि काकू म्हणत होत्या, "कवेलूच्या घरात होतो तवा झोप तरी लागे."

वहीचं शेवटचं पान

नऊ एकर वावर. सहा एकरांत कापूस, मधे तुरीच्या ओळी. उरलेल्या तीन एकरांत सोयाबीन. विहीर आहे, पण फेब्रुवारीनंतर तिचा भरवसा नाही. कापसाचा उतारा एकरी साडेसहा-सात क्विंटल. घरखर्च सोयाबीन-तुरीवर काढायचा आणि मोठं काही करायचं ते कापसावर, अशी या घराची जुनी रीत.

२०२०-२१ च्या हंगामात त्यांचा कापूस ५,४०० रुपये क्विंटलनं गेला. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ५,८२५ होता. पण माल पावसात भिजलेला आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर, म्हणून गावात येऊन माल उचलणाऱ्या खेडा खरेदीवाल्यालाच देऊन टाकला. त्या वर्षीच्या वहीच्या शेवटच्या पानावर काकाजींच्या हातचं एक गणित आहे: ७,००० × ४२ = २,९४,०००. खाली दोन रेघा आणि एकच शब्द, 'घर'.

सात हजार म्हणजे तेव्हा त्यांच्या लेखी डोळे दिपवणारा भाव. "सात लागू द्या जी एकडाव, घर बांधून टाकतो, मंग देवाले काई मांगत नाई," असं ते चौकात म्हणत. हे मला काकूंनी सांगितलं आणि काकाजींनी नाकारलं नाही. पुढचं सगळं समजायला हा सातचा आकडा लक्षात ठेवावा लागेल.

पेढे

पुढच्याच वर्षी भाव सातच्या कितीतरी वर गेला. अतिवृष्टीनं माल कमी निघाला होता आणि जगाच्या बाजारात रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, चढत होती. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायद्यात ती पौंडाला दीडशे सेंटच्या पुढे गेली. हमीभाव ६,०२५ असताना विदर्भात दिवाळीच्या सुमारास आठ हजार आणि उन्हाळा लागता लागता दहा हजारांवर भाव निघाला. भाव आवरायला केंद्रानं १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी माफ केलं.

काकाजींनी पहिले १५ क्विंटल ८,१०० नं विकले आणि त्या संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. उरलेले २७ क्विंटल मार्चमध्ये हिंगणघाटच्या बाजार समितीत १०,२०० नं गेले. सगळे मिळून ३,९६,९०० रुपये. वहीत मागितले होते २,९४,०००. देवानं वर लाखभर टाकून दिले.

मार्चमध्ये पेढे वाटले नाहीत. काकूंना तो दिवस नीट आठवतो. काकाजी बाजारातून आले, हातपाय धुतले आणि वही घेऊन बसले. दिवाळीत दिलेले पंधरा क्विंटल ठेवले असते तर किती मिळाले असते, ते त्यांनी काढलं. क्विंटलमागं २,१००, म्हणजे ३१,५००. तो आकडा वहीत आहे, पुढं 'लॉस' लिहिलेलं. "सगळ्यात जास्त पैसा आला त्याच दिवशी हे धड जेवले नाई," काकू म्हणाल्या.

मला विचाराल तर या प्रकरणाची गाठ इथंच बसली. दिवाळीत ८,१०० सातच्या वर होते, म्हणून पेढे. मार्चमध्ये तेच ८,१०० दहाच्या खाली आले, म्हणून लॉस. कापूस तोच, रुपये तेच, आणि विकून महिने उलटलेले. बदललं होतं ते फक्त ज्याच्याशी ताडून पाहायचं ते माप.

घर वाढत गेलं

घराचा पहिला बेत साधा होता. दोन खोल्या, उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा ओटा, घराला लागून संडास-न्हाणी, वर टिन. मिस्त्रीनं सात लाख सांगितले. आधीचे साठलेले तीन लाख, त्या वर्षीच्या कापसातून लागवडीचा खर्च जाता उरलेले दोन लाख चाळीस हजार आणि वरचं थोडं कर्ज, एवढ्यात बसत होतं.

मग पलीकडच्या गल्लीत एकानं स्लॅब टाकला. त्यालाही दहाचाच भाव लागला होता. टिन मागं पडलं. स्लॅब टाकायचाच आहे तर समोर हॉल काढू, पोराच्या सोयरिकीला पाहुणे येतील. हॉल झाल्यावर छत उघडं दिसू लागलं, पीओपी केलं. पीओपीच्या दिव्यांखाली जुना दिवाण बरा दिसेना, सोफा आला. सोफ्यावर बसून पाहायला जुना टीव्ही लहान पडला. बांधकाम साडेदहा लाखांवर गेलं आणि सामानाचे लाखभर उधारीवर राहिले ते वेगळेच. पतसंस्थेतून पाच लाख उचलले. पाच वर्षं मुदत, महिन्याला सुमारे ११,४०० रुपये हप्ता.

एकेक पायरी सुटी घेतली तर कुठलीच चूक म्हणवत नाही. स्लॅब टिनापेक्षा चांगलाच; ज्याला पटत नसेल त्यानं मे महिन्यात आमच्याकडं येऊन दुपारी टिनाखाली बसावं. पण मी बिलं तारखेनं लावली तेव्हा एक गोष्ट उठून दिसली. यातल्या बऱ्याच वस्तूंची इच्छा घरात आधी कुणालाच नव्हती. पीओपी हवंसं वाटलं ते हॉल झाल्यावर, सोफा हवासा वाटला तो पीओपी झाल्यावर. नवी वस्तू आली की तिच्या शेजारची जुनी वस्तू एका रात्रीत जुनाट होई.

याहून गंभीर होतं ते हप्त्याचं गणित. वर्षाचे १,३६,८०० रुपये कुठून भरणार, असं पतसंस्थेनं विचारलं तेव्हा कागदावर लिहिलं गेलं की कापूस ४२ क्विंटल, भाव १०,०००, उत्पन्न ४,२०,०००. एका वर्षी आलेला भाव कायमचा धरला गेला. देवाकडं मागितलेली गोष्ट वर्षभरात हक्काची झाली आणि तिच्यावर पाच वर्षांचं कर्ज उभं राहिलं. पतसंस्थेनंही त्यावर सही केली, हे विसरू नये. तिथल्या कुणालाही कापसाच्या भावाचा इतिहास माहीत नव्हता असं मी मानायला तयार नाही.

हॉलमधला कापूस

२०२२-२३ मध्ये ४० क्विंटल निघाला. डिसेंबरमध्ये खेडा खरेदीवाला दारात गाडी लावून ८,६०० द्यायला तयार होता. हमीभाव ६,३८०. दोन वर्षांपूर्वीच्या इच्छेपेक्षा हा भाव १,६०० रुपयांनी जास्त.

"दहाच्या खाली देत नाई." काकाजींनी त्याला चहाही विचारला नाही.

ते एकटे नव्हते. त्या हंगामात विदर्भभर लोकांनी कापूस घरात अडवून ठेवला, कारण आदल्या वर्षी जे थांबले ते जिंकले होते. जगाच्या बाजारात रुई त्याआधीच शंभर सेंटच्या खाली आली होती, पण चौकात बोलणं चाले ते बारा हजारांचं.

जुन्या घरात कापूस ठेवायला माळ्याची खोली होती; ती पाडूनच नवं घर बांधलेलं. म्हणून कापूस हॉलमध्ये भरला. सोफा उभा करून भिंतीला टेकवला, टीव्ही उतरवून आलमारीवर ठेवला. गंजी पीओपीच्या नक्षीला लागली. दारातून स्वयंपाकघरात जायला भिंतीलगत हातभर वाट, तीही आडवं होऊन चालायची. आगीच्या भीतीनं घरात उदबत्ती बंद. उन्हाळा तापू लागला तसे कापसातले बारीक किडे बाहेर पडू लागले, तिघांच्याही हातामानेवर खाज सुटली आणि बिछाने अंगणात गेले. त्या वर्षी ही खाजेची तक्रार गावोगावी होती. मार्चमध्ये पोराला पाहायला पाहुणे आले. ज्यांच्यासाठी हॉल काढला होता, ते अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून चहा पिऊन गेले.

भाव आठवर आला, साडेसातवर आला. दर उतारावर काकाजींचा हट्ट वाढत गेला. पोरगा म्हणे विका. काकाजी म्हणत, आठ होते तवा नाई देल्ले, आता साडेसातनं कायले देऊ? अखेर जूनमध्ये, बियाणं घ्यायची वेळ आली तेव्हा, ७,००० नं विकला. वाळून वजन घटलं होतं, ३८ क्विंटल भरला. रंगही पिवळसर झालेला. हाती आले २,६६,०००. डिसेंबरात ३,४४,००० मिळत होते. फरक ७८,०००, आणि मधल्या काळात थकलेल्या हप्त्यांवरचं दंडव्याज वेगळं.

विकला तो भाव वहीच्या शेवटच्या पानावरचाच होता, अगदी सात हजार. काकाजींनी मला सांगताना शब्द वापरला 'मातीमोल'. मी ते पान त्यांच्यासमोर उघडून धरलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे कवाचं हाय? तवाची गोष्ट अलग होती जी."

खूण सरकते

ती 'अलग' गोष्ट कोणती, यावर अभ्यासकांनी बरंच काम केलं आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी जिंकलेल्या २२ जणांना आणि त्याच भागातल्या, लॉटरी न लागलेल्या २२ जणांना काही संशोधकांनी प्रश्न विचारले. तो अभ्यास १९७८ मध्ये छापून आला. एकूण सुखात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मात्र मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक अशा रोजच्या गोष्टींतून मिळणाऱ्या आनंदाला जिंकलेल्यांनी पाचपैकी सरासरी ३.३३ गुण दिले, इतरांनी ३.८२. मोठ्या आनंदानं लहान आनंद फिके पाडले. काकाजींचे दिवाळीतले पेढे मार्चमध्ये बेचव झाले ते याच जातीचं.

दुसरा धागा डॅनियल काहनेमन आणि एमॉस टव्हर्स्की यांचा. १९७९ च्या त्यांच्या मांडणीनुसार माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही. मनातल्या एका खुणेपासून मोजतो. खुणेच्या वर मिळालेल्या रुपयाचा आनंद होतो, पण खुणेच्या खाली गेलेला रुपया त्याहून कितीतरी जास्त बोचतो. काकाजींची खूण साताहून दहावर गेली आणि तिथंच ठोकली गेली. खूण वर जाताना पटकन जाते, खाली यायला मात्र फार अडून बसते. ८,६०० नाकारणारा माणूस लोभी होता असं गावात म्हणतात. मला तो तोट्यात चाललेला माणूस दिसतो, ज्याला तोटा कबूल करायचा नव्हता. फक्त तो तोटा त्याच्या मनातल्या खुणेनं तयार केलेला होता.

इथं घाईनं शहाणपण सांगणाऱ्यांना एक आडकाठी घालतो. पैशानं समाधान मिळतच नाही, हे खरं नाही. स्वीडनमध्ये हजारो लॉटरीवाल्यांचा माग घेऊन केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात मोठी रक्कम लागलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच सापडलं. १९७८ चा नमुना लहान होता, ही त्याची उणीव सगळे मान्य करतात. नऊ एकरवाल्या कास्तकाराला संतोष राखण्याचा उपदेश करणं मला तर बेशरमपणाचं वाटतं. सप्ताहात कीर्तनकार ययातीची गोष्ट दरसाल सांगतात: लेकाचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोग घेतले तरी राजाची तहान भागली नाही. मी काकाजींना ती आठवण करून दिली तेव्हा ते लगेच म्हणाले, "ययाती राजा होता जी. त्याले बियाण्याची उधारी नव्हती."

पाहुणे काय विचारतात

चारचाकीचं मी सुरुवातीला वेगळं समजलो होतो. कर्ज थकलेलं असताना २०२४ च्या जानेवारीत दोन लाख चाळीस हजारांची जुनी गाडी घेतली, त्यातले निम्मे पुन्हा कर्जाचे. पहिल्या बैठकीत मी तिच्यावर लाल रेघ मारली. मग काकूंनी मला सोयरिकीचा हिशेब सांगितला.

२०२१ मध्ये जे पाहुणे आले त्यांनी विचारलं, घर पक्कं हाय का? नव्हतं. घर झाल्यावर आले त्यांनी घर पाहिलं आणि विचारलं, गाडी हाय का? गाडी घेतल्यावर आले त्यांनी गाडीकडं पाहिलंही नाही. विचारलं, पोरगा कुठं लागला का? शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कुणी तयार नाही, हे विदर्भातल्या कोणत्याही गावात विचारा. मुलीचे आई-बाप स्वतः शेतकरी असतात आणि तेच असं म्हणतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? आपल्या लेकीनं आपल्यासारखं उन्हात निंदण करू नये एवढीच त्यांची इच्छा.

म्हणजे या घरातल्या बऱ्याच इच्छा घरात उगवलेल्याच नव्हत्या. त्या अंगणात येऊन बसलेल्या पाहुण्यांबरोबर आल्या, पलीकडच्या गल्लीतल्या स्लॅबवरून आल्या. दहाचा भाव एकट्या काकाजींना लागला असता तर कदाचित ते गावातले सुखी माणूस झाले असते. तो सगळ्यांना लागला, सगळ्यांची घरं एकदम वर उचलली गेली, आणि एकमेकांच्या तुलनेत सगळे होते तिथंच राहिले. फक्त प्रत्येकाकडं एकेक हप्ता आला.

ओटा

या सगळ्यात एक खर्च असा आहे की त्याबद्दल घरात आजही कुणाची कुरकुर नाही. काळ्या ग्रॅनाईटचा साधा ओटा, खाली दोन फडताळं, शेजारी नळ. सगळे मिळून अठरा हजार. काकूंचे गुडघे गेलेले. पंचवीस वर्षं चुलीपुढं बसून भाकरी थापल्या आणि उठताना भिंतीचा आधार घेतला. ओटा होऊन दोन वर्षं उलटली होती, तरी त्याबद्दल बोलताना त्यांनी हात फिरवून दाखवला. "रोज सकाळी उभी राहतो न, तवा बरं वाटते. अजूनबी." मी विचारलं, आता त्यावर काही हवंय का, मिक्सर, चिमणी? म्हणाल्या, "मिक्सर हाय जुना. चिमणी कायले, खिडकी हाय."

याला नियम म्हणून मांडायचा मोह मी टाळतो, एका घरावरून नियम निघत नाही. पण फरक नोंदवण्यासारखा आहे. ओट्यानं रोजचं एक दुखणं काढलं आणि दुखणं गेल्याचं रोज कळतं. शेजारणीचा ओटा कसा आहे याच्याशी काकूंच्या गुडघ्यांना काही देणंघेणं नाही. हॉलचं तसं नव्हतं; हॉल चांगला की वाईट, हे पलीकडच्या गल्लीत ठरत होतं. संडास-न्हाणीबद्दलही असंच समाधान दिसलं, काकूंचं जास्त, कारण पावसाळ्यातल्या रात्री लोटा घेऊन बाहेर जाणं त्यांच्या वाट्याला होतं.

हिशेब उलटा मांडला

पतसंस्थेत थकबाकीसह ३ लाख ९० हजार येणं निघालं. मुदत वाढवून घेतली, हप्ता ८,००० वर आणला. सत्तरच्या आसपास हप्ते. पीककर्ज वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंत राज्यात व्याज लागत नाही, म्हणून कापसाचे पहिले पैसे तिकडं जातील असं ठरवलं. पोरानं हंगामापुरतं जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर लिहायचं काम धरलं. गाडीचा हप्ता त्याचा. गाडी विकायला ते तयार झाले नाहीत आणि सोयरिकीचा हिशेब ऐकल्यावर मीही आग्रह सोडला.

खरं काम वहीत होतं. आतापर्यंत भाव वरून मोजला जात होता, दहापासून खाली. तो आम्ही खालून मोजायला घेतला. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई मिळून एकरी २८,०००. उतारा साडेसहा क्विंटल. म्हणजे क्विंटलमागं सुमारे ४,३०० खर्च. घराचा वर्षाचा हप्ता ९६,०००; तो ३९ क्विंटलांवर पसरला की साधारण २,४६० बसतात. बेरीज ६,७६०, धरा ६,८००. याच्या वर जो भाव लागेल तो आपला. वहीच्या पहिल्या पानावर हा आकडा लिहिला, पुढं लिहिलं 'आपला भाव'.

काकाजींनी ताबडतोब त्यातलं वैगुण्य काढलं. "आमची तिघाची मजुरी यात कुठी हाय?" नव्हती. ती धरली तर आपला भाव हमीभावाच्या वर जातो आणि हे सगळं गणित सरकारच्या दारात नेऊन ठेवावं लागतं. त्यांचं बरोबर होतं. कापसाचा भाव परवडत नाही ही तक्रार खरी आहे आणि दहाची खूण मनातून जात नाही हेही खरं आहे. एकानं दुसरं खोटं ठरत नाही. मी एवढंच म्हणालो की हा घर चालायचा भाव आहे, न्यायाचा भाव नव्हे.

२०२४-२५ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ होता. ३९ क्विंटल निघाला. वेचाईवाल्यांचे आणि कृषी केंद्राचे पैसे द्यायला १३ क्विंटल दिवाळीत गावातच ६,९०० नं दिला. उरलेला २६ क्विंटल वाळवून, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आल्यावर, भारतीय कापूस निगमच्या केंद्रावर ७,४०० च्या आसपास गेला. एकूण २ लाख ८२ हजार. आपल्या भावापेक्षा वर सतरा हजारांच्या घरात उरले. सोयाबीननं मात्र त्या वर्षी दगा दिला. हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याहून बराच खाली, त्यामुळं घरखर्चाला त्यातले बरेचसे गेले. तरी हप्ता चुकला नाही आणि जानेवारीच्या शेवटी हॉल रिकामा होता.

मग काकाजींना समाधान वाटलं का? वाटलं, पण कशानं वाटलं ते सांगायला हवं. कापूस विकून झाल्यावरही ते रोज सकाळी मोबाईलवर भावांचे मेसेज पाहत. भाव पन्नासनं चढला की दिवसभर गप्प, उतरला की खुशीत. मार्चमध्ये पलीकडच्या गल्लीतल्या त्याच स्लॅबवाल्याचा अडवून ठेवलेला कापूस पिवळा पडल्यामुळं ६,८०० नं गेला. ती बातमी आल्यावर काकाजींनी चौकात बसलेल्या सगळ्यांना चहा पाजला. तीन वर्षांनंतर पुन्हा काहीतरी वाटलं, ते हे. सतरा हजार उरल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मला हे पाहून बरं वाटलं असं म्हणता येत नाही. खूण खाली आली खरी, पण ती वहीच्या पहिल्या पानावर न जाता शेजाऱ्याच्या काट्यावर जाऊन बसली. पुढच्या वर्षी शेजाऱ्याला पाचशे जास्त मिळाले तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल. हिशेबाच्या वहीला याच्या पलीकडं हात पोचत नाही, एवढं मान्य करून मी माझं काम मर्यादित ठेवलं.

मे २०२५ मध्ये पुढच्या हंगामाचा हमीभाव ८,११० जाहीर झाला आणि घरात पुन्हा बोलणी सुरू झाली. ऑगस्टमध्ये केंद्रानं आयात शुल्क पुन्हा माफ केलं. जिनिंगमध्ये बसून पोराला त्याचा अर्थ कळला होता: बाहेरची रुई येणार आणि इथला भाव दबणार. खर्च वाढला म्हणून काकाजींनी आपला भाव ७,२०० काढला, माझ्या हिशेबाला तो जुळतो. पोरगा तरीही म्हणाला, सरकारच ८,११० देतं तर आपण नऊ तरी धरायला हवेत. बाप-लेक उलटसुलट झाले होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नसावं. वाद लांबला तेव्हा काकूंनी स्वयंपाकघरातून आवाज दिला, "भाव तुमी कोनताबी लिहा. कापूस हॉलमंधी येनार नाई." एवढी एक अट मात्र दोघांनी मान्य केली, आणि दिवाळीच्या आत निम्मा माल काढायचं ठरलं.